जित्या म्हशीचं शिंग

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो. आता कॉलेज अर्धवट सोडून तुमच्याच पत्र्याच्या शेडमध्ये धनुष्यं करायला बसलोय. हे तुम्हाला आवडलं नसतं, ठाऊक आहे. पण शिव्या मागनं द्या, आधी ऐका. लाकडाच्या पोटाला शिंग आणि पाठीला जनावराच्या शिरांचे धागे चिकटवताना अजून तुमचाच हात समोर दिसतो. बारामतीच्या बाजारातला तो दिवसही दिसतो. एका पंढरपुरी म्हशीची शिंगं पार खांद्यामागं गेलेली, तलवारीसारखी. मी वीत लावून मोजायला जातो, आणि तुम्ही चारचौघांत माझ्या हातावर फटका मारता. "जित्या जनावराचं शिंग मोजायचं न्हाय. मालकाला वाटंल, ह्यो मरायचीच वाट बघतोय. मेल्यावर बोलावलं तर जायचं, आन् तवाच पारखायचं." येताना एसटीत तुम्ही भेळेचा पुडा पुढं केलात, पण मी फुगूनच बसलो होतो.

इंदापूरकडच्या एका वस्तीवर एक मुलगी आहे, माझ्या वर्गात होती. तिला भेटायला गेलो तर ती गोठ्यात म्हैस धूत होती. म्हणाली, "काय रं धनुर्धारी, म्हशीला बघायला आलास का मला?" मला चेव चढला. तिला हसवायचं म्हणून शिंगावर विती टाकत सुटलो, तेही मोठ्यानं, "हिचं फक्कड धनुष्य व्हईल!" ती हसली. दारात तिचे वडील उभे होते, ते हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ती म्हैस पोट फुगून गेली.

मग तिचे वडील मोटरसायकलवरून शेडपाशी आले आणि पोत्यातली दोन्ही शिंगं माझ्या पायाशी टाकली. "घे. मोजली व्हतीस न्हवं?" मीही भडकलो. "विती टाकल्यानं म्हशी मरत्यात व्हय?" "मरत न्हाईत," ते म्हणाले. "पर ती आमच्या घरात वाढली व्हती." एवढंच. दोन हाणल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "ती शिंगं पुरून टाक. त्यांचं धनुष्य केलंस तर माझ्याशी बोलू नको." बांधाला खड्डा काढला. पुरण्याआधी, हाताला सवय म्हणून, शिंगं पाण्यात बुडवून उन्हात धरली. आबा, रेषा बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ. पीळ नाही, कीड नाही, तडा नाही. दोन्ही एकाच जनावराची, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही बाजू सारख्या वाकणार. अशी जोड तुम्हालाही कधी मिळाली नाही. मी ती पुसून परत आत आणून ठेवली. काल तिनं विचारलं, "पुरलीस?" "सकाळी पुरतो," म्हणालो. आता दुपार कलतेय, आणि खड्ड्यात कोंबड्या उकरतायत.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. तुम्ही "पुरून टाक" म्हणाला असतात, आणि मी ऐकलं नसतं.