उतारावरची चवळी

आषाढ शुद्ध पंचमी, दिवेलागण

कापसाला भाव चढल्यापासून आमच्या सपाट रानात भाजीलाही जागा उरली नाही. म्हणून बायकोनं, गोदानं, यंदा जंगलाकडच्या उतारावर सागाच्या सावलीत चवळी पेरली. मी तिला अडवलं का नाही?

आज दिवस कलताना चितळं चवळीत शिरली. गोदा थाळी वाजवत धावली, मी मागे. चितळं पळाली, पण जंगलात नाही. सरळ तिच्या अंगावर आली. हरणं कधी माणसाकडे पळतात? मग बांबूच्या बेटातून वाघ निघाला. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीभर अंतरावरून चितळांमागे उताराखालच्या ओढ्यात उतरला.

घरी आल्यावर म्हटलं, "तो उतार आता सोडून दे."

"सोडून खासान काय? सरकी?" गोदा म्हणाली. "चितळ खात नाई ते लावू. सुरण लावू, हळद लावू, कडेनं अडुळसा. चितळच नाई आलं, त वाघ कावून येईन?"

बोलणं खरं आहे. पण ते सगळं वाढेपर्यंत? डोळे मिटले की चितळं तिच्या अंगावर येताना दिसतात.

उद्या चवळी उपटायला जायचं ठरलं.

"तुमी येसान ना संगं?" तिनं विचारलं, आणि तिचा आवाज चिरकला. तेव्हा कळलं, तीही माझ्याइतकीच भ्यालेली आहे.

मी हो म्हणालो.