कापडाच्या टेबलावरचा दिवा

टेमघर, भिवंडी

प्रिय ओसामा,

फोनवर तोंड उघडवेना, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. तुझ्या तब्येतीचं काल नूरैनकडून कळलं आणि तेव्हापासून स्वतःच्याच घरात तोंड लपवावंसं वाटतंय.

पावसाळ्यात मला काय होतं ते तू लहानपणापासून पाहिलंयस. आभाळ भरून आलं की अंथरुणातून उठवत नाही, कारखान्यातल्या लूमचा खडखडाट नकोसा होतो, तुझ्या अम्मीवर उगाच खेकसतो. यंदा त्यात सर्दी-ताप सरता सरेना, शेवटी पाठीवर नागीण उठली. डॉक्टर म्हणाले, उजेड, झोप, मन आणि अंगातली प्रतिकारशक्ती यांचा एकमेकांशी संबंध असतो. किती, ते अजून नीट उलगडलेलं नाही. त्यांना विचारूनच तुझ्या बहिणीने, नूरैनने, तो लख्ख पांढऱ्या उजेडाचा दिवा धाडला. रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचं.

मी बसणार? सकाळी मोहल्ल्यातली माणसं चहाला येतात. अय्यूबसेठ दिव्यासमोर बसून मन बरं करतात म्हटल्यावर हसायला विषयच मिळाला असता. मी तो कारखान्यात नेला आणि कापड तपासायच्या टेबलावर टांगला. तपासणीवरचा राकेश खूश. "सेठ, अब एक भी टूटा धागा नहीं छुपेगा," म्हणाला. अम्मीला सांगितलं, कारखान्यातच दिव्यासमोर बसतो. नूरैनचा व्हिडिओ कॉल आला की तेवढ्यापुरता टेबलाशी जायचो. चेहरा असा उजळायचा की पोरगी हरखून जायची. ऑक्टोबरात ऊन पडलं, मी दरवर्षीसारखाच माणसात आलो, आणि श्रेय दिव्याला देऊन मोकळा झालो.

आणि आता तू. तिकडे ग्लासगोला हिवाळ्यात दुपारीच अंधारतं, म्हणून तूही दिवा आणलास, ते ठीक. पण डॉक्टरने उदासीवर दिलेल्या गोळ्या बंद केल्यास. अब्बा नुसत्या दिव्याने बरे झाले, मग मला गोळी कशाला, असं तू नूरैनला म्हणालास. आता नीट जेवत नाहीस, कामावर जात नाहीस.

बेटा, मी त्या दिव्यासमोर एक दिवसही बसलेलो नाही. दिव्याचा काही दोष नाही. खोटं मी बोललो, तेही लोक हसतील म्हणून. आजच तुझ्या डॉक्टरला फोन कर, गोळ्यांचं विचार. मग माझ्यावर काय रागवायचंय ते रागव. पण फोन करून रागव, मला तुझा आवाज ऐकू दे.

तुझाच,
अब्बा