डावा हात मागं, कान पुढं

उस्ताद, तुमच्याकडून घेतलेल्या विद्येची खरी किंमत आत्ता कळतेय. पैसा तुम्ही कधी घेतलाच नाहीत. गेला तो डावा कान, सगळाच, आणि उजव्यातला निम्म्याहून जास्त. जन्मभर चालत्या इंजिनात डोकं घालून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! तुमच्या कबरीवरचा निंबही आता म्हातारा झालाय, आणि हे सांगावं असं दुसरं माणूस मला सापडत नाही.

तेरखेड्याच्या पुढं ती लॉरी लंगडायला लागली तो दिवस आठवतो. निजामाच्या अमलातली कच्ची सडक, भर ऊन, मागं लग्नासाठी घेतलेली शोभेची दारू. मुरुमचे सेठ घायकुतीला आलेले. "उस्ताद, ठिणगी येती का तेवढं बगा की, वरात खोळंबलीया." बॉनेटला हात लावायच्या आधी तुम्ही म्हणालात, "पहले बारूद उतारो, सेठ. मेरेकु एक चिंगारी देखनी है, पूरी बरात नै." सेठ चरफडत पेट्या लांब बाभळीखाली नेऊन ठेवतात. तुम्ही वास घेता, पेट्रोल कुठं गळत नाही ना ते चाचपता, मग इंजिन चालू करून मला म्हणता, "बायाँ हात पीछे, कान आगे." मी डावा हात कमरेमागं धरतो, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून दुसऱ्या हाताकडं जायला नको. स्क्रू पिळायचा लाकडी मुठीचा पेचकस आधी इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा, मग प्लगच्या टोकाला. तेवढ्या प्लगची ठिणगी थांबते. पहिल्याला इंजिन आणखी अडखळतं, दुसऱ्यालाही. तिसऱ्याला काहीच फरक नाही. "ह्योच मेलाय!" मी ओरडतो. प्लगची चिनी माती तडकलेली निघाली. तुम्ही हसून म्हणालात, "सेठ, इसके कान गिरवी रख लो, सोने से महँगे हैं."

त्या कानांवर मी गॅरेज उभं केलं. बॉनेट न उघडता मेलेला प्लग सांगतो, असं तेरखेड्याजवळच्या वाशीपासून मुरुमपर्यंत मिरवलं. आता पेचकस टेकवतो तर सगळेच प्लग मेल्यासारखे वाटतात. गिऱ्हाईकाच्या ओठांकडं बघत अंदाजानं हसतो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही. कान गेल्यावर माझ्यात उरतं काय, हे तुम्हीच सांगितलं असतं. पण आता तुम्ही सांगितलंत तरी मला ऐकू यायचं नाही.

हा कागद टाकणार कुठं, खिशातच राहील. काल एका टॅक्सीवर वाकून बराच वेळ कान लावला आणि म्हणालो, "झकास चाललंय." ड्रायव्हरनं खांद्यावर हात ठेवून तोंड माझ्या उजव्या कानाजवळ आणलं. "मालक, गाडी मघाच बंद केलीया."