शेवटचा बाहेर आल्यावर

४ नोव्हेंबर

आज रुजू झालो. दारावर पाटीसुद्धा लागली: सुरक्षा अधिकारी. रंग वाळलाय का म्हणून हात लावला, तर बोट निळं झालं. धाकटीनं त्यावरून दिवसभर पिडलं. तिलाही इथेच शिलाई हॉलमध्ये काम मिळालंय, त्यामुळे आता भावाबहिणीची एकच बस, एकच डबा. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच असते.

कारखाना गाद्यांचा. खाली बांधणी, मधे शिलाई, वर फोमचं गोदाम. फोम म्हणजे काडी पडायचा अवकाश, आणि आगीच्या आधी धूरच माणूस मारतो. विमा कंपनीनं तगादा लावला म्हणून माझी नेमणूक झाली. मॅनेजरचं म्हणणं, कागदोपत्री सगळं चकाचक करून टाका. मी म्हटलं, कागद आधी जळतात साहेब, आपण माणसांचं बघू. तो हसला नाही. मी हसलो.

७ नोव्हेंबर

कामाला भिडलो. जिन्यात रचलेले पुठ्ठे हलवले. बाहेर पडायच्या दाराला चक्क साखळी होती. ती काढून टाकली आणि आतून ढकललं की उघडेल अशी आडवी दांडी बसवून घेतली. नियम साधे ठेवले: घंटा झाली की हातातलं टाकायचं, जिन्यानं उतरायचं, अंगणातल्या पाण्याच्या टाकीजवळ जमायचं. शेवटी मी नारिंगी जॅकेट घालून बाहेर येणार, दार ओढून घेणार. माझी शिट्टी होईपर्यंत कोणी परत आत जायचं नाही.

लोकांनी माझं बारसं केलंय, 'पळपुटे साहेब'. पहारेकरी, ज्याला आवाजावरून सगळे भोंगा म्हणतात, तो फाटकातूनच ओरडतो की आले बरं का पळपुटे, चपला हातात घ्या! चालायचंच. नव्या माणसाला थोडं सोसावं लागतं.

११ नोव्हेंबर

पहिला सराव. सगळे रमतगमत उतरले. मी शेवटची फेरी मारायला शिलाई हॉलमध्ये गेलो, तर मधोमध स्टुलावर आक्का. त्या हॉलच्या मुकादम, वयानं थोर, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. उठा म्हटलं तर म्हणाल्या, तुमचं चालू द्या, मी बसलेय. समजावलं, चिडलो, हात जोडले. जागच्या हलल्या नाहीत. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी कोणालाच नवल वाटलेलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

दुसऱ्या सरावाला त्याच स्टुलावर बांधणीतला एक उंच, काटकुळा माणूस. त्याला नाकतोडा म्हणतात. म्हणजे हे पाळीनं चालतं.

आक्कांना गाठलं. त्यांनी मशीन न थांबवता सांगितलं, इमारत रिकामी सोडायची नसते. पूर्वी एकदा आग लागली, सगळे बाहेर पडले, आत चिटपाखरू नव्हतं. आग विझल्यावर परत गेले, तर वरच्या गोदामात कोणीतरी बसलेलं. अगदी आपल्यातल्याच एकासारखं. आणि ज्याच्यासारखं, तो तर आपल्याबरोबर बाहेरच उभा होता. मी विचारलं, मग ते गेलं कसं? त्या म्हणाल्या, शेवटी बदली द्यावा लागला.

एखादा कामगार आला नाही की त्याच्या जागी बसवतात तो बदली, एवढंच मला ठाऊक. पुढे विचारलं तर त्यांनी दोरा दातानं तोडला आणि पाठ फिरवली.

भाकडकथा! पण खरी आग लागली तर हा स्टुलावरचा माणूस गुदमरून मरेल, ही भाकडकथा नाही.

१८ नोव्हेंबर

माझं जॅकेट संडासात सापडलं. खुर्चीला मशीनचं तेल फासलेलं. हे सगळं पोटात घातलं असतं.

पण पुढची पाळी धाकटीची लावलीय. नव्या माणसानं आधी बसायचं, असं आक्कांनी हॉलमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं. धाकटी घाबरली नाही, म्हणते बसेन की दादा, दहा मिनिटांचं काय ते. मी आवाज चढवला. तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, साहेबांची बहीण म्हणजे काचेची बाहुली! सगळे हसले. ती एकटी रडली.

तिला बसू देणार नाही. तिची पाळी यायच्या आधीच ही प्रथा मोडतो.

२० नोव्हेंबर

मोडली.

कोणालाही न सांगता घंटा दिली. घाईघाईत पुन्हा नाकतोडाच बसला होता. त्याला काखेत धरून अक्षरशः ओढत बाहेर आणला. तो पाया पडत होता. दार ओढलं. इमारत पहिल्यांदा पूर्ण रिकामी. टाकीजवळ धाकटी माझी बाही धरून उभी होती. मी शिट्टी वाजवली.

वरून उत्तर आलं. गोदामाच्या खिडकीतून. तशीच शिट्टी, तेवढीच लांब.

मग दारावर आतून थापा पडल्या. आवाज धाकटीचा. दादा, दार उघड, धूर झालाय. आणि धाकटी माझ्या शेजारी उभी. तिची नखं माझ्या दंडात रुतली.

आक्का माझ्याकडे बघत होत्या. एखाद्यानं घरातलं भांडं फोडावं, तसं.

२१ नोव्हेंबर

थापा थांबल्यावर सगळे परत कामावर गेले. पोटासाठी जावंच लागतं. गोदामात मात्र कोणी चढत नाही. भरदिवसा वरून शिट्टी येते. लोक घाबरून, मशीन सोडून दाराकडे धावतात. आज जिन्यात एकीचा पाय मुरगळला.

शेवटी सगळ्यांना जमवून बजावलं: आतून शिट्टी आली तर वर बघायचंसुद्धा नाही. या वेळी माझं सगळ्यांनी ऐकलं.

२३ नोव्हेंबर

माझ्याशी कोणी बोलत नाही. धाकटीशीही नाही. तिच्या मशीनचा पट्टा कापलेला होता.

आक्का एकच वाक्य बोलल्या. रिकामी तुम्ही केलीत, आता भरा तुम्ही.

मॅनेजर म्हणतो, विम्याचा तपासनीस २६ला येतोय. त्याच्यासमोर सराव झालाच पाहिजे, नाहीतर कारखान्याला टाळं. राजीनामा देतो म्हटलं. धाकटीला घेऊन निघालो, तर भोंग्यानं फाटक उघडलं नाही. त्याच्यामागे नाकतोडा आणि बांधणीतले सगळे. संध्याकाळी सोडलं, पण दोघे बसथांब्यापर्यंत मागे होते, दोघे घरापर्यंत. अजून खाली उभे आहेत.

२५ नोव्हेंबर

ठरलं. उद्या धाकटी बसणार, असं आक्कांनी सांगितलं. म्हटलं, तिच्याऐवजी मी बसतो. त्यांनी मान वर करून पाहिलं, चालेल म्हणाल्या. फार लवकर चालेल म्हणाल्या.

जाताना भोंग्याच्या खांद्यावर साखळी दिसली. दाराची जुनी.

धाकटीला सांगितलं, टाकीजवळून हलू नकोस. मी येतोच.

२६ नोव्हेंबर, स्टुलावर

घंटा झाली. सगळे उतरले. किती सुरेख, न ढकलता, न बोलता, मी शिकवलं तसं. धाकटीनं वळून पाहिलं. मी हातानंच जा म्हटलं.

लिहीत बसलो की बरं वाटतं.

वर पावलं. गोदामातून जिन्यावर. मी तिकडे बघणार नाही —

माझ्या पाठीमागे आलं. फोमचा वास. थांबलं नाही. पुढे, जिन्यानं खाली दाराकडे — दांडी वाजली. दार उघडलं, मिटलं.

गेलं? एवढंच होतं?

खाली जाऊन मी दांडी ढकलली. हलत नाही. बाहेर साखळी ओढल्याचा आवाज. आक्का म्हणून हाका मारल्या —

परत वर, हॉलच्या खिडकीशी आलोय. सगळे टाकीजवळ. तपासनीस मान डोलावतोय. धाकटी सुखरूप आहे. हसतेय, डोळे पुसतेय, कोणाचा तरी हात धरून —

नारिंगी जॅकेट. माझं तर माझ्या अंगावर —

शिट्टी वाजवली. पुन्हा. पुन्हा. एकानंही मान वर केली नाही. सांगितलं होतं तसं —

ती त्याला दादा म्हणतेय. ओठांवरून कळतं —

तोच एकटा वर बघतोय. तिचा हात सोडत नाही. दुसऱ्या हातानं शिट्टी तोंडाशी —