काटा लालवर होता

शुक्र. १० मे २००२. अजमान

आधी सगळ्यांच्या तब्येतीची हजेरी घेतो, म्हणजे राग जरा उतरेल.
ही: गुडघे तसेच, तोंड शाबूत. मनू: बरी म्हणते, पण डोळे ओढलेत. लेकीनं माहेरी येऊन झोपा काढाव्यात, तर ती खिडकीत उभी. नातू चिकू: दोन दात वर, दोन खाली, चारही लावून माझ्या चष्म्याची काडी चावली. गुलाम! जावईबापू: ठणठणीत. मी: बी.पी.ची गोळी घेतली, उपयोग शून्य. गाडी: खलास.

जावईबापूंचा तो अमेरिकन पिकअप ट्रक. काल तिघं धैदकडे वाळूत फिरायला गेले, संध्याकाळी रिकव्हरीवाल्यानं गाडी ओढत माझ्या दारात आणून टाकली. विचारलं काय झालं, तर सहा फुटी जावई मान खाली घालून म्हणतात, "टेंपरेचरचा काटा लालवर गेला होता, अप्पा. आय जस्ट केप्ट गोइंग. माय मिस्टेक." वर हसले. मागच्या सीटवर वर्षाचं पोर, बाहेर तापलेला तवा, आणि हा माणूस केप्ट गोइंग!

जावयाला बोलायचं नसतं. ही स्वयंपाकघरातून डोळे वटारून उभी होती. म्हणून इथे लिहितो. (यापुढे जा.बा. रागात एवढं लांब नाव लिहून होत नाही.)

एक जूनला जा.बा. फुजैराला रुजू. बंदरावर नवी नोकरी. मनू, चिकू बरोबर. म्हणजे याच गाडीतून, याच हातांनी, मसाफीचा डोंगर ओलांडायचा. तोही जूनच्या उन्हात.
"गॅरेजला टाकू या अप्पा, नो इश्यूज."
म्हटलं, नको. मीच उघडतो. माझी लेक बसणार आहे तिच्यात.

रवि. १२ मे

यार्डातली ड्यूटी संपवून आलो तो कपडे बदलून थेट शेडखाली. शुक्रवारीच गाडी ढकलत आत घेतली होती, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवत. बॅटरी सोडवली, पाणी काढलं. ऑइलही काढलं, तर ते दूध घातलेल्या चहासारखं. म्हणजे पाणी आत शिरलंय. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण, त्याच्या खालची पातळ पट्टी, गॅस्केट, गेली. दोन्ही बाजूंची हेडं उतरवायची.

त्याआधी वरचं ते धूड, सुपरचार्जर. जा.बा.ंचा अभिमान. इंजिन आपणहून हवा ओढतं तेवढी पुरत नाही म्हणे, हा पंखा कोंबून कोंबून भरवतो. जसं ही जावयाला जेवताना भरवते. पोट भरलं म्हटलं तरी वाटी रिकामी होऊ द्यायची नाही. मग इंजिन तापेल नाही तर काय?
पट्टा काढला, पाइप काढले, बोल्ट सोडले, धूड उचलून हिच्या जुन्या चादरीवर ठेवलं. चादरीवरून बोलणी खाल्ली.

मंगळ. १४ मे

डोकं फिरलंय. हापूसची पेटी आणली, ऐंशी दिरहम, म्हणजे हजारावर रुपये. जावयासाठी. हिनं दुपारभर उभं राहून आमरस केला, गुडघे धरून. जा.बा. वाटी बाजूला सारून म्हणतात, "नो थँक्स, आई."
ही: "एवढीशी घ्या. माझ्यासाठी."
दोन चमचे घेतले. औषध घेतल्यासारखे. मनू लगेच म्हणते, "आई, पुरे ना! सारखं काय तेच!" आईवरच खेकसली. हिचा चेहरा एवढासा झाला. भांडी मी घासली, जरा जोरात घासली.

लहानपणापासून दुबईत वाढले म्हणून आंबा नको? आंब्यानं काय घोडं मारलंय?

शुक्र. १७ मे

हेडं उतरवली. झडपा दाबणारे रॉकर काढले, त्यांच्या खालच्या बारा दांड्या आंब्याच्या पेटीच्या झाकणाला भोकं पाडून त्यात ओळीनं खोचल्या, नंबर टाकून. जी जिथून निघाली तिथेच परत गेली पाहिजे, झिजून झिजून एकमेकांच्या सवयीच्या झालेल्या असतात. हिला दम दिलाय, झाडताना या झाकणाला हात लावायचा नाही. ही म्हणाली, "माझ्या चादरीचं काय?"

बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सोडले. एकदम सोडलं तर हेड वाकतं. वाकलेलंच आहे म्हणा. डाव्या बाजूला दोन सिलिंडरच्या मधोमध गॅस्केट जळून काळं.

हेड उचलायला जा.बा.ंना हाक मारली. ऊन चढलेलं, नाश्ताही राहिला होता सगळ्यांचा. एक उचललं. दुसऱ्याला हात लावला आणि यांचे हात थरथरायला लागले. "टू मिनिट्स, अप्पा." पायरीवर बसले. आणि खिशातून बिस्किटं काढून खायला लागले! सासूचा आमरस नको, खिशातली बिस्किटं चालतात. दुसरं हेड मी एकट्यानं उचललं. कंबर धरली. कुणाला सांगितलं नाही.

सोम. २० मे

शारजाला खानसाबच्या मशिनशॉपमध्ये हेडं टाकली. खाननं पट्टी लावून पाहिली, "चाचा, ये हेड है या केला?"
"सीधा होगा?"
"होगा. मगर जिसने चलाया उसका कान पकडो."
म्हटलं, दामाद है. खान डोक्याला हात लावून हसला. त्याच्याकडेही पकडत नसावेत.
तडा मात्र नाही. दोन्ही सारखीच घासून सपाट करणार. गुरुवारी देतो, इन्शाल्ला. कुठला गुरुवार ते विचारून घेतलं.

शुक्र. २४ मे

दिली बिचाऱ्यानं वेळेवर. आरशासारखी.
सकाळभर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, साफ केला. बोल्टची भोकं कापसानं पुसून कोरडी. आत थेंबभर पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकच फुटायचा. गॅस्केट नवं, बोल्टही नवेच. जुने बोल्ट एकदा ताणले गेले की दिसायला तसेच दिसतात, भरवसा नाही.

आवळायची रीत रांगोळीसारखी, मधल्या ठिपक्यापासून बाहेर. आधी सगळे हलके, मग जास्त, मग पक्के. मनू पाना देत होती, लहानपणी द्यायची तशी. मला राहवलं नाही. म्हटलं, "तू शेजारी बसलेली होतीस ना? काटा दिसत नव्हता तुला?"
पाना खाली ठेवून आत गेली.

मंगळ. २८ मे

सगळं बसलं. दांड्या आपापल्या जागी, सुपरचार्जर वर, पट्टा, पाणी, ऑइल. सुरू करायला म्हणून पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेलो, तर गुडघे स्टिअरिंगमध्ये अडकले. सीट पार पुढे ओढलेली.
सहा फुटी माणूस या सीटवर बसूच शकत नाही.

खाली उतरलो. गाडी सुरू केली नाही. मनूला हाक मारली. ती आली, सीटकडे पाहिलं, आणि रडायला लागली.

जा.बा.ंना साखर आहे. थंडीत कळलं. गोळी घेतली होती, वाळूत जेवण लांबलं, साखर एकदम उतरली. घाम, बडबड, मग शुद्धच नाही. तिनं ओढून बाजूच्या सीटवर घातलं, साखरेचं पाणी ओठांना लावलं आणि गाडी हाणली. काटा दिसत होता तिला. धैदच्या दवाखान्याच्या फाटकात इंजिन बंद पडलं.

"मला का नाही सांगितलं?"
"ते म्हणाले, अप्पांना कळलं तर तुला फुजैराला पाठवणार नाहीत. तुम्हाला माझी शपथ आहे अप्पा. बोलायचं नाही."

नसतंच पाठवलं.

शिव्या कुणाला घालू? तीन आठवडे एका आजारी माणसाला मनात वाट्टेल ते बोललो, आणि तो गुमान ऐकून, नाही, ऐकत नव्हताच, पण तरी. आणि आम्ही त्याला आमरस कोंबत होतो! घरचे ना आम्ही? की परके? रिकव्हरीवाल्याला माहीत, मला नाही!
मनूला एवढंच म्हटलं, बरोबर केलंस. इंजिन परत बसवता येतं. माणूस

बुध. २९ मे

गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात. आवाज एकसारखा, काटा मधोमध. ही पाया पडली गाडीच्या.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं की एक पाइप ढिला ठेवावा. गाडी दारातच पाणी सोडेल, कुणी कुठे जाणार नाही. पाना हातात होता. मग तोच पाइप पुन्हा आवळला.

हिला सांगितलं, माझीच साखर वाढलीय, आजपासून घरात गोड बंद. खूप चिडली. चिडू दे.

शुक्र. ३१ मे

गेले. डब्यात भाकरी, पिठलं. गाडीच्या पुढच्या कप्प्यात मी बिस्किटांचे पुडे कोंबले, चिकूसाठी म्हणून. जा.बा.ंनी पुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
शपथ आहे. म्हणून गाडीचंच बोललो. पण चढ्या आवाजात, जन्मात पहिल्यांदा जावयावर. "काट्यावर लक्ष ठेवा! लाल व्हायच्या आधी थांबायचं. थांबायला लाज कसली? थांबलात तर कुणी तुम्हाला कमी समजत नाही!"
ही दारात गार पडली. चिकूनं टाळ्या वाजवल्या.
जा.बा. वाकून पाया पडले. "यस, अप्पा." एवढंच. कळलं का, गाडीचंच वाटलं, देव जाणे. सीट मागे ढकलून बसले.

दुपारचे तीन. पोचले असतील. मोबाइलवर एकेक अक्षर शोधत इंग्रजी लिपीत मेसेज टाकलाय. उत्तर नाही अजून. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो:

रोहनराव, गाडीची तब्येत कळवा. मनूची, चिकूची कळवा. तुमची सगळ्यात आधी. खरी. लगेच लिहा.