योग्य ती विल्हेवाट

३ मार्च, सोमवार

म्हणे जाळा! अकरा वाजता पत्र आलं. मोठ्या साहेबांनी मुख्य कार्यालयातून फोन करून ते वाचूनही दाखवलं, जसं काही मला अक्षरओळख नाही. ज्या श्रीमंत देशाच्या मदतीवर आमचं गोदाम आठ वर्षं चाललं, त्या देशाचं धोरण बदललं. पोषणाचा कार्यक्रम बंद. महिनाअखेर गोदाम बंद, आणि माझी स्टोअरकीपरची खुर्चीही. इथवर गप्प ऐकलं. मग शेवटची ओळ — 'शिल्लक मालाची योग्य ती विल्हेवाट लावावी.' म्हणजे काय, विचारलं. साहेब खाकरले. "म्हणजे... जाळायचा, बाई. फोटो काढून."

शिल्लक माल म्हणजे दोनशे बारा पेट्या. कुपोषित पोरांना चाटवतात ती शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं. मुदत संपायला अजून सात महिने आहेत.

४ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. नर्सबाई म्हणाल्या, वॉर्डात एकेचाळीस मुलं आणि पाकिटं नऊ दिवसांची. दंडाला गुंडाळायची कागदी पट्टी असते त्यांची. लाल रंगावर थांबली की पोर धोक्यात. दोन वर्षांच्या एका मुलीला माझ्यासमोर लावली. लाल. दंड कसला, माझी दोन बोटं. "हिरवी येईपर्यंत पाकीट बंद करायचं नाही. मधेच बंद पडलं तर पोर हातची जाते," नर्सबाई म्हणाल्या.

मुलीच्या आईनं मला ओळखलं. "तुम्ही गोदामवाल्या ना? तुमच्याकडे असतील की." मी 'बघते' म्हटलं आणि निघाले. इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

६ मार्च

माल दवाखान्याला देऊ का, असं लेखी विचारलं होतं. एरवी उत्तराला तीन आठवडे लागतात, आज तासाभरात आलं. देता येणार नाही. ज्या कार्यक्रमाला आता धोरणाचा पाठिंबा नाही, त्यासाठी माल वापरायचा नाही, दुसऱ्या संस्थेलाही द्यायचा नाही. आणि हो, जाळण्यासाठी दोनशे लिटर डिझेल पाठवत आहोत. पोचवायला डिझेल नव्हतं कधी, जाळायला बरं आहे!

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यांचा माल, त्यांची मर्जी. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? नोकरीचं प्रमाणपत्र हातात घे आणि मोकळी हो." वर म्हणाले, चोरीचा गुन्हा लागला तर या वयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवशील. खोटं नाही ते. भीती मलाही वाटते. पण शेजारीण वाटीभर साखर देते, ती उद्या येऊन 'आता ओतून टाक' म्हणते का? ही कुठली रीत?

७ मार्च

सकाळपासून एकच शब्द डोक्यात. विल्हेवाट. आमचे अण्णा आयुष्यभर कारकून. घरातलं कपाट आवरलं की हात झटकून म्हणायचे, "चला, सगळं विल्हेला लागलं." म्हणजे जिथली वस्तू तिथं गेली. यांचा जाडा शब्दकोश काढून पाहिला. व्यवस्था लावणे, मार्गी लावणे. जाळणे कुठंही नाही!

आणि 'योग्य ती' असं त्यांनीच लिहिलंय. योग्य काय ते मला चांगलं कळतं.

१० मार्च

गोदामाच्या मुकादमाला बेत सांगितला: माल दवाखान्याला, जाळायचे नुसते खोके. आठ वर्षं या पेट्या त्याच्याच पाठीवरून उतरल्यात. ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "रिकामे खोके उचलताना हलके दिसतील, बाई. आत काय भरायचं?"

मागच्या खोलीचं दार उघडलं. आठ वर्षांचे तिमाही अहवाल, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. कोणी वाचले असतील तर शपथ. त्यातले निम्मे मी रक्त आटवून लिहिलेत. मुकादमानं एक गठ्ठा हातात तोलून पाहिला. "चालतंय," म्हणाला.

१२ मार्च

दोन दिवस तेच काम. पाकिटं पोत्यांत, अहवाल पेट्यांत. नर्सबाईंची गाडी पाच फेऱ्या करून गेली. जाळायला पन्नास लिटर पुरे. उरलेलं डिझेल तिच्या टाकीत आणि दवाखान्याच्या जनरेटरला.

उंदरांनी कुरतडलेल्या अकरा पेट्या तशाच ठेवल्या, त्या पुढच्या ओळीत लावायच्या.

हे डबा द्यायला आले ते पेट्यांना चिकटपट्टी लावत बसले. लावतात मात्र वाकडी. सगळ्या पुन्हा लावाव्या लागल्या.

१४ मार्च, शुक्रवार

झालं. क्रमानं लिहिते.

दहा वाजता मोबाइलवर व्हिडिओ कॉल, त्या देशातली बाई. सोबत मोठे साहेब, आपल्या खुर्चीतून. बाई गोड बोलणारी. "आम्हालाही फार वाईट वाटतंय," म्हणाली. साहेबांनी ते मला आपल्या भाषेत सांगितलं. वाईट वाटतंय तर नका ना जाळू, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

पेट्या रचलेल्या, छापील नावं दर्शनी. मी फोन फिरवून सगळं दाखवलं. आणि बाई म्हणाली, एक पेटी उघडून दाखवा. मी पुढच्या ओळीतल्या पेटीला हात घातला. "ती नको. मागची, डावीकडची." डावीकडच्या पेटीत चौथ्या वर्षाचे अहवाल. मी बोलायला तोंड उघडलं, आणि शेजारून भक्कन् जाळ! मुकादमानं काडी ओढली होती.

साहेब ओरडले, "अरे थांब म्हटलं ना!" मुकादमानं हात कानामागे नेला. "काय म्हणता?" त्याला ऐकू कमी येतं म्हणे. मला आठ वर्षांत आजच कळलं.

धूर काळाकुट्ट निघाला. पुढच्या अकरा पेट्यांतलं शेंगदाण्याचं तेल पेटलं होतं, मागं नुसता कागद. वासावरून कुणीही ओळखलं असतं, पण फोनला नाक नसतं. बाईनं आभार मानले. साहेब म्हणाले, "बाई, चोख काम." मी 'योग्य ती विल्हेवाट लावली' असं लिहून सही केली. त्या कागदावर एक अक्षर खोटं नाही.

१५ मार्च

हात तीनदा धुतले. डिझेल जात नाही.

१९ मार्च

नर्सबाईंचा फोन. त्या मुलीची पट्टी पिवळी आली! हिरवीला वेळ आहे, पण पोर आता पाकीट हिसकावून घेते म्हणे. ऐकून रडले मी, उगाच कशाला लपवू? यांनी चहा करून दिला. तीन चमचे साखर घालून.

२१ मार्च

पत्र आलंय त्या देशातून, पाकीट जाड आहे. उघडायचं धाडस होत नाही. हे म्हणतात, उघड. उद्या बघू.

२४ मार्च, सोमवार

पत्र उघडलं. माझं काम इतकं नमुनेदार झालं म्हणे, की बाकीच्या अकरा गोदामांतला मालही नष्ट करायला माझ्याकडेच पाठवलाय. तीन हजार पेट्या. पहिला ट्रक फाटकात उभा आहे. ड्रायव्हर विचारतोय, "सगळं इथंच उतरवायचं ना, बाई?"

हो म्हटलं.