रुमालावरची मोकळी जागा

आये,

पाया पडतो. पत्राला कारण चांगलंच हाय, घाबरू नको. अण्णांचा गुडघा कसा हाय?

इथं स्कॉटलंडात थंडी लई, पण तू पाटोद्याच्या बाजारातनं घेतलेला स्वेटर टिकून हाय. सोबत धाडलेल्या फोटोत बारीक दिसलो तर ती फोटोची चूक.

मी फरशी पुसतो त्या म्युझियममधी दोनशे वर्षांमागं पोरींनी भरतकाम केलेले रुमाल हायती. मोराग मॅडम त्या पोरींची घराणी हुडकत्यात. मी त्यांच्या वहीत रबरी पाल ठेवली, तरी मला हाकललं न्हाई. उलट चहा पाजला अन् हाताखाली घेतलं. लई उपकार त्यांचे. तुझे बी, टाके तूच शिकवले.

काल एका रुमालावर पोरीचं नुसतं नाव, अन् आईबापाच्या नाव-आडनावांची पहिली अक्षरं. घराणं सापडलं न्हाई तर "अनोळखी मुलगी" अशी पाटी लागणार होती. मी म्हणलं, "आईच्या आडनावाचं अक्षर बापापेक्षा येगळं काहून? पोरगी चुकली."

मॅडम म्हणल्या, "चुकली न्हाई बाबा. ते माहेरचं हाय. इथं लगीन झालं तरी आईचं माहेरचंच भरायचे. त्याच्यावरनं तर घर सापडतं."

अन् चर्चच्या जुन्या वहीत सापडलं की! मी तिथंच नाचलो.

मग तुझं नाव आठवलं. लग्नात आज्जीनं तुझं नाव बदलून सुनंदा केलं, येवढंच मला ठाव. आधीचं मी कधी इचारलंच न्हाई.

मी बी एक रुमाल भराय घेतलाय. अण्णांचं नाव झालंय. तुझी जागा मोकळी हाय. तुझं माहेरचं नाव कळव, आये.

तुझा उनाड,
अमर